खवल्या मांजर, घोरपड आणि काझी मॅडम

प्रा. शकीला काझी मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात दगड होता. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते. पण मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायचे तर घडले तसेच लिहायला हवे. गुळगुळीत केलेली वाक्ये त्या आजही लाल पेनने खोडतात.

भूकंपाला महिना-सव्वा महिना झाला होता. आमचे गाव औसा तालुक्यातले, किल्लारीपासून फार लांब नाही. आमचे घर बसले आणि त्यात माझा थोरला भाऊ दत्ता गेला. आई, वडील आणि मी वाचलो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची शेडे उभी राहत होती. जमीन अजून अधूनमधून हलायची, आणि पत्रा वाजला की सगळे बाहेर पळायचे.

एका सकाळी नव्या शेडच्या खांबासाठी खड्डा खणताना एक बीळ फुटले आणि त्यातून एक जनावर बाहेर आले. अंगावर शिंपल्यांसारखे खवले. माणसे पाहताच त्याने स्वतःला चेंडूसारखे गुंडाळून घेतले. बघता बघता सगळी वस्ती जमली. कुणी म्हणाले, "ही घोरपडीचीच जात हाय." दुसरा म्हणाला, "ह्येनंच भुई पोखरली खालून." एवढे वाक्य पुरले. महिनाभर ज्याच्यावर राग काढावा असे आम्हाला काही सापडले नव्हते, ते आता समोर पडले होते. मी सतरा वर्षांची होते. पायापाशी पडलेला दगड मी दोन्ही हातांनी उचलला.

त्याच वेळी लातूरहून कॉलेजची मदतीची जीप आली होती. घोंगड्या आणि औषधे उतरवून घेणाऱ्या एक उंच, चष्मा लावलेल्या बाई गर्दीतून पुढे आल्या आणि माझ्या व जनावराच्या मध्ये न येता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

"बाळ, ते घरं पोखरत नाही. वारुळं पोखरतं," त्या म्हणाल्या.

"तुमचं कोण गेलंय?" मी ओरडले.

 त्या म्हणाल्या, "माझं कुणी गेलं नाही. म्हणून मारू नको असं सांगायचा हक्क मला नाही. पण मारायच्या आधी एकदा नीट बघ. मग तू ठरव."

आणि त्या तिथेच मातीत मांडी घालून बसल्या. ऊन चढत होते. त्यांनी एक घोंगडी मागवली आणि दोघांना तिची टोके धरायला लावून जनावरावर सावली केली. लोक चिडले. "माणसाला पुरंना अन् जनावराला घोंगडी!" असे कुणीतरी मोठ्याने म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "तासाभरासाठी घेतली आहे. परत देते."

गर्दीत आमच्या शेजारचे गुंडाप्पा होते. शिकारीचा नाद असलेला माणूस. माळावरचे एकेक बीळ त्यांना ठाऊक. मॅडमनी त्यांना विचारले, "घोरपड तुम्ही पाहिली आहे?"

"पाहिली? खाल्लीबी हाय."

"मग मला सांगा. घोरपडीला दात असतात?"

"असतेत की. चावली तर सोडत न्हाई."

"जीभ?"

"सापावानी. दोन टोकाची."

"दिसते कधी?"

"उनात. खडकावर पडून राहती सकाळी."

"अंडी घालते?"

"हाव. लई घालती. एका बिळात पंधरा-वीस निघतेत."

मॅडम मान डोलावत होत्या, जणू गुंडाप्पाच त्यांना शिकवत होते. मग म्हणाल्या, "आता ह्या खवल्या मांजराचं मी सांगते, आणि तुम्ही तपासा. ह्याला एकही दात नाही. जीभ लांब आहे, पण टोक एकच. दिवसा बिळात झोपतं. मुंग्या आणि वाळवी सोडून काही खात नाही. आणि हे अंडी घालत नाही."

"मग?"

"थांबा म्हणजे दिसेल. फक्त मागं सरका आणि बोलू नका."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दगड जड होऊन मी तो खाली ठेवला होता, एवढे आठवते. वस्ती इतकी शांत झाली होती की पत्र्यावर उतरलेल्या चिमण्यांची नखे ऐकू येत होती. मग तो चेंडू किंचित सैल झाला. टोकदार तोंड बाहेर आले, हवेचा वास घेऊन थांबले. आणखी थोडी घडी उलगडली, आणि आत, छातीशी, एक पिल्लू दिसले. फिकट रंगाचे, मऊ खवल्यांचे. ते दूध पीत होते.

माझ्या शेजारी आई उभी होती. महिनाभर ती कुणाशी धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "अगं, लेकुरवाळी हाय ती."

 गुंडाप्पांनीच टोपले आणले. ते मी उचलले. मॅडम, अण्णा आणि मी ओढ्यापलीकडच्या वारुळांच्या उतारापर्यंत चालत गेलो. तिथे ती मादी पिल्लाला शेपटीवर घेऊन झुडपात शिरली. परत येताना मी रडले. दत्ता गेल्यापासून पहिल्यांदाच. मॅडमनी मला थांबवले नाही आणि समजावलेही नाही. रडून झाल्यावर विचारले, "शिकतेस काय?"

"अकरावी सायन्स. लातूरला. शिकत होते."

"होते का?"

त्या एका प्रश्नाने माझे पुढचे आयुष्य ठरले.

मॅडम मूळच्या कंधारच्या. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या वडिलांच्या शेजारी बसून आपण निरीक्षण शिकलो, असे त्या सांगतात. सासर नांदेडचे, नोकरी लातूरची. त्यामुळे आठवडाभर लातूरच्या दोन खोल्यांत आणि शनिवारी-रविवारी नांदेडला, असा त्यांचा संसार चालला. त्या दोन खोल्यांतली एक त्यांनी मला दिली. वसतिगृहात जागा नव्हती आणि घरी माझ्या लग्नाचे बोलणे सुरू झाले होते. मॅडम स्वतः शेडवर येऊन अण्णांशी बोलल्या. आमच्या भावकीत कुरकुर झालीच. अण्णा एवढेच म्हणाले, "पोरगी तिथं हसून राहिली. मला तेवढं बास हाय."

आमचे घर माळकरी. मॅडमच्या घरी मी तीन वर्षे जेवले आणि त्या स्वयंपाकघरात कधी मटण शिजले नाही. त्या घरात तेच खाणे असते असे मी धरून चालले होते. पुढे एका ईदला नांदेडच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या नणंदबाई हसत म्हणाल्या, "आमच्या भाभीची एक जुमेरात, म्हणजे गुरुवार, बिर्याणीशिवाय जात नव्हती. तू आलीस अन् तिनं लातूरची मोठी देगची इकडं पाठवून दिली." मी मॅडमकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "देगची जड होती. घासायला त्रास व्हायचा." हा विषय त्यांच्याकडून पुन्हा कधी निघाला नाही.

वर्गातल्या मॅडमविषयी इतर लेखक लिहितीलच. मी त्यांच्या एकाच प्रश्नाविषयी लिहिते, कारण पस्तीसेक वर्षांत त्यांच्या प्रत्येक तुकडीने तो सोडवला आहे. खवल्या मांजर आणि घोरपड यांची वर्गीकरण, अधिवास आणि संवर्धनस्थिती या मुद्द्यांवर तुलना करा. वरवर सोपा प्रश्न. दोघांच्याही अंगावर खवले, दोघांचाही बिळाशी संबंध, दोघांनाही माणूस औषध समजून मारतो. पण खवल्या मांजर सस्तन प्राणी आहे. फोलिडोटा या त्याच्या गणात खवल्या मांजरांखेरीज दुसरे कुणी उरलेले नाही. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे नाते दूरचे. त्याचे खवले आपल्या नखांसारखे, एकावर एक रचलेले. घोरपड सरीसृप, साप आणि सरडे तिचे जवळचे. एकाला स्वतः बीळ खणता येईल अशी माती आणि जवळ वारुळे लागतात. दुसरी खडकाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, विहिरीच्या कपारीत, शेताच्या बांधावर, कुठेही जमवून घेते. एकाला बहुधा एकच पिल्लू, दुसरीची अंडी टोपलीभर. म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत खवल्या मांजर संकटग्रस्त आणि घोरपड संकटाच्या उंबरठ्यावर, असा आज फरक आहे. आपल्या कायद्यात मात्र दोघांनाही पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे.

मॅडम एवढ्यावर पूर्ण गुण देत नसत. "हे तुम्हाला कसं कळलं?" हा त्यांचा शेवटचा उपप्रश्न. गाइडमध्ये वाचले असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला त्या अर्धा गुण देत. स्वतः काही पाहिले असेल, घोरपडीची माती उकरण्याची खूण का असेना, त्याला पूर्ण.

आता जे लिहायचे आहे ते माझ्या कमीपणाचे आहे. मॅडमना ते छापायला हरकत नाही. मी विचारले, तर म्हणाल्या, "तुझं आहे, तू ठरव."

एम.एस्सी. झाल्यावर कॉलेजात जागा मिळेना. लातूर आणि नांदेडमध्ये तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. डॉक्टर व्हायला निघालेली मुले एस.टी.तून गाद्या आणि स्टोव्ह घेऊन उतरत. नांदेडच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवू लागले. हॉल भरून मुले, हातात माइक, एका धड्याला दोन तास. मुले पटकन लक्षात ठेवतील अशा युक्त्या सांगणारा शिक्षक तिथे चालायचा, आणि मी लवकरच त्यात पटाईत झाले. अशीच एक युक्ती मी तयार केली होती: "केस म्हणजे सस्तन, पिसे म्हणजे पक्षी, खवले आणि पाय म्हणजे सरीसृप." मुले ती तालात म्हणत. ती नोट्समध्येही छापली गेली.

अशी बरीच वर्षे गेली. मॅडम तेव्हा निवृत्त होऊन नांदेडला राहत होत्या. शेजारची एक मुलगी गच्चीवर पाठांतर करताना त्यांनी ती ओळ ऐकली आणि विचारले, "खवल्या मांजर मग कुठं बसवशील?" मुलगी बेधडक म्हणाली, "सरीसृप. आमच्या मॅमनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला शेवटच्या बाकावर मॅडम बसलेल्या दिसल्या. दोन तास त्या बसून राहिल्या. तास संपल्यावर फळ्याजवळ आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारले, "वैजयंता, तू ते पिल्लू दूध पिताना पाहिलंस ना गं?"

मी पाहिले होते. मला सगळे ठाऊक होते. ती ओळ चुकीची आहे हे मला रचतानाही कळले होते. अपवाद सांगत बसले तर वेळ जातो, म्हणून मी ते बाजूला सारले होते.

मी क्लासच्या मालकांकडे गेले. सगळ्या तुकड्यांना चूक सांगते, नोट्समध्ये दुरुस्तीचा कागद लावू, असे म्हटले. ते वाईट मनुष्य नव्हते. पण म्हणाले, "मॅडम, फॅकल्टीच चुकली म्हणून आपणच सांगायचं? पालक काय म्हणतील? पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये गुपचूप बदलून टाका."

मी हे काझी मॅडमना सांगितले. वाटले, त्या म्हणतील, ठीक आहे, पुढच्या वर्षी तर बदल. त्या चहा गाळत होत्या. गाळता गाळता म्हणाल्या, "चूक तुझी आहे ना? मग परवानगी कशाला मागितलीस?"

पुढच्या तीन दिवसांत मी प्रत्येक तुकडीसमोर उभी राहिले. चूक सांगितली, ती घाईत नव्हे तर कळून केली होती हेही सांगितले, आणि मग आमच्या वस्तीवरची ती सकाळ सांगितली. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये माइक बंद करून बोलले आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. चौथ्या दिवशी मालकांनी मला यायची गरज नसल्याचे कळवले.

मॅडमनी शाबासकी दिली नाही. "क्लास वाईट नसतात, घाई वाईट असते," एवढे म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किनवटच्या गाडीत बसायला सांगितले. त्या भागातल्या इस्लापूरच्या रानात बिळांच्या नोंदी करण्याचे त्यांचे काम तेव्हा सुरू झाले होते. नोकरी गेल्याचे दुःख करायला त्यांनी मला वेळच ठेवला नाही. बीळ कुणाचे, तोंडाशी माती कशी टाकली आहे, ओरखडे कसे आहेत, जवळ वारूळ किती अंतरावर, असे लिहीत आम्ही सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत फिरायचो. त्या नोंदींतूनच पुढे माझा पीएच.डी.चा प्रबंध झाला आणि त्यावर मला कॉलेजची नोकरी मिळाली.

इस्लापूरचीच एक हकिकत सांगते. एका घराच्या ओसरीवर सुतळीने बांधलेली घोरपड आम्हाला दिसली. घरधनी म्हणाला, "बायकोचे गुडघे गेलेत बाई. हिचं तेल काढून लावायचंय." सोबतच्या वनरक्षकाने लगेच कायदा सांगायला सुरुवात केली. मॅडमनी त्याला हाताने थांबवले आणि आत जाऊन त्या बाईंच्या शेजारी बसल्या. दोघींनी कुठे दुखते, कधी दुखते, जिना चढताना की उतरताना, याची अर्धा तास चर्चा केली. मग मॅडम बाहेर येऊन त्या माणसाला म्हणाल्या, "भाऊ, तेलानं गुडघे बरे झाले असते तर आधी माझे झाले असते. सोमवारी हिला घेऊन नांदेडला या. माझ्या डॉक्टरांना आपण दोघींचे गुडघे दाखवू. पण ह्या घोरपडीला आत्ता सोडा."

"अन् न्हाई बरं वाटलं तर?"

"तर मला शिव्या द्यायला या. पत्ता लिहून देते."

त्याने सुतळी कापली. सोमवारी नवरा-बायको खरोखरच आले. मॅडम दवाखान्यात त्यांच्यासोबत सकाळपासून बसल्या, आणि पुढे व्यायाम शिकवायला महिन्यातून एकदा इस्लापूरला जात राहिल्या. बाईंचे दुखणे पूर्ण गेले नाही, कमी झाले. त्या घरासमोर घोरपड दिसली की आता तो माणूसच इतरांना हुसकावतो, हे वनरक्षकाने मला सांगितले.

मॅडमच्या स्वभावातल्या टोकांबद्दल लिहिले नाही तर त्या हा लेख नापास करतील. त्या वेळेच्या बाबतीत निष्ठुर आहेत. फोन उचलत नाहीत. सत्काराला बोलावले की कार्यक्रम किती वाजता संपेल हे आधी विचारतात. चुकीचे शास्त्रीय नाव छापणाऱ्या वर्तमानपत्रांना आजही पोस्टकार्ड टाकतात, आणि ते छापले नाही तर दुसरे टाकतात.

या ग्रंथासाठी संमती घ्यायला आम्ही चार विद्यार्थी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. ग्रंथात एक पान त्यांच्या स्वतःच्या चुकांचे हवे. कोणत्या लेखात कोणती नोंद चुकली, कोणत्या विद्यार्थ्याला कारण नसताना कमी गुण दिले, हे त्या स्वतः लिहून देणार. आम्ही अवघडलो. सोबत आलेले संपादक मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मॅडम, गौरवग्रंथात हे शोभणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग गौरव कशाचा करताय? मी जे दुरुस्त केलं त्याचाच ना?"

ते पान या ग्रंथात आहे. मॅडमनी ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिले, आणि मजकूर अर्ध्या पानात संपला. उरलेल्या जागेत एखादे चित्र टाकू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नको. मोकळी राहू दे. मी अजून काम करतेय."

मॅडम, ती जागा आम्ही मोकळी सोडली आहे. आपले डोळे, आपले पाय आणि आपले लाल पेन आपल्याला पुष्कळ वर्षे साथ देवोत. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते अर्धे पान भरायला आपल्याला वेळ कधी कमी न पडो.